पाय टेकला तरच थांबला

सायकलवाला थांबला असं नेमकं केव्हा म्हणायचं, हे मी एके काळी चुन्याची रेघ मारून ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. वरून हुकूम नव्हता आणि पुस्तकात तसं काही लिहिलेलंही नव्हतं. पण वय तेवीस, अंगात खाकी आणि डोक्यात वारं, एवढं भांडवल असलं की माणसाला कायदा करायला फार वेळ लागत नाही.

तेव्हा अजून मुंबई राज्य होतं आणि आमचा भाग पश्चिम खानदेशात मोडत होता. तापीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस शिपाई होतो. गावाच्या मधोमध एक ऐसपैस चौक होता. एक रस्ता स्टेशनाकडे जायचा, एक बाजारात, एक प्रकाशा गावाच्या बाजूला आणि एक जिनिंग फॅक्टरीकडे. कापसाचा हंगाम लागला की भल्या पहाटेपासून गाड्यांची रांग लागायची. त्यात टांगे, एखादा ट्रक, दिवसातून चार वेळा एस.टी., आणि सायकली. सायकली त्या दोन-तीन वर्षांत एकाएकी वाढल्या होत्या. एका टांग्याचा आणि एस.टी.चा धक्का लागला, घोडं लंगडं झालं, आणि आमच्या फौजदारसाहेबांनी ठरवलं की चौकात माणूस उभा करायचा. सगळ्यात उंच मी, म्हणून मला उभं केलं. डांबराचं रिकामं पिंप उलटं घातलं, वर फळी ठोकली, आणि त्यावर मी चढलो. खाली उतरायला मला पुढे फार दिवस लागले.

बैलगाडीवाल्यांनी मला कधी त्रास दिला नाही. बैलाला थांबायला आवडतंच. टांगेवाले कुरकुरत पण थांबत. एस.टी.चा ड्रायव्हर माझ्याकडे बघून हसायचा, पण ब्रेक लावायचा. सायकलवाला मात्र थांबायचा नाही. मी हात वर केला की तो वेग कमी करायचा, इकडे बघायचा, तिकडे बघायचा, आणि चिमूटभर फट दिसली की तिच्यातून सुळकन निघून जायचा. मी ओरडलो तर मागे वळून म्हणायचा, "मी ते थांबेलच शे दादा. चाक फिरी ऱ्हायनं." हॉटेलच्या बाकावरची मंडळी खो खो हसायची.

आज म्हातारपणी मला कळतं की त्या सायकलवाल्यांचं फारसं चुकत नव्हतं. सायकलवर बसलेल्याला चारी बाजू दिसतात, बैलाच्या घुंगरापासून एस.टी.च्या घरघरीपर्यंत सगळं कानावर येतं, आणि दोन हातांच्या आत तो उभा राहू शकतो. समोरून कुणी येत असेल तर त्यानं थांबलंच पाहिजे, त्यात मी आजही सूट देणार नाही. पण रस्ता मोकळा असेल, तो हळू असेल आणि बघून जात असेल, तर त्याला उतरवून कुणाचं भलं होतं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या वर केलेल्या हाताची किंमत राहत नाही, एवढंच मला दिसायचं.

मग मी रेघ मारली. चारही रस्त्यांना आडवी, चुन्याची, वीतभर रुंद. आणि जाहीर करून टाकलं की हात वर असताना सायकलवाल्यानं रेघेच्या अलीकडे जमिनीला पाय टेकलाच पाहिजे. पाय टेकला तरच थांबला. चाक फिरतंय की नाही यावर वाद नको.

लोकांनी आधी टिंगल केली, मग ऐकलं. खानदेशी माणूस भांडून दमला की ऐकतो. एक मास्तर रेघेपाशी चप्पल घासत घासत यायचे आणि "टेकला बरं का" म्हणून पुढे जायचे. एक गुजर पाटील भारदस्तपणे उतरून, सायकल हातात धरून, धोतर झटकून उभे राहायचे आणि मी हात खाली घेतला तरी मुद्दाम हलायचे नाहीत. पण टेकवायचे सगळे. पंधरा दिवसांत फौजदारसाहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, "चांगलं वळण लावलंस." त्या एका वाक्यावर मी महिनाभर फुगून चाललो.

न टेकवणारा एकच होता.

त्याला गावात सगळे भोंगावाला म्हणत. फॅक्टरीचा भोंगा तो वाजवायचा. सकाळी सातला, दुपारी दोनदा आणि संध्याकाळी. फॅक्टरीनं त्याला एक खिशातलं घड्याळ दिलेलं होतं. ते तो रोज स्टेशनच्या घड्याळाशी लावून घ्यायचा आणि त्याच्यावरून साखळी ओढायचा. शाळेची घंटा, दुकानांच्या फळ्या, बायकांची चूल, सगळं त्या भोंग्यावर चालायचं. वाफ तयार ठेवायला दुसरा माणूस होता, पण भोंगावाला आल्याशिवाय साखळीला कुणी हात लावत नसे. बॉयलरच्या बाजूला त्याची बसायची एक लाकडी पेटी होती. दिवसभर बसून करायचं ते काम होतं आणि त्याच्यासारख्या माणसाला गावात दुसरं मिळण्यासारखं नव्हतं.

कारण त्याचा डावा पाय लहानपणच्या तापात गेला होता. मांडीपासून खाली नुसती काठी. ढगळ पायजमा घालायचा, त्यामुळे सायकलवर बसलेला असताना कुणाच्या लक्षात यायचं नाही. एका पायानं पायडल खाली दाबता येतं, पण वर आणायला तो पाय पायडलला बांधलेला लागतो. म्हणून तो उजवा पाय चामडी पट्ट्यानं पायडलला आवळून घ्यायचा. घरासमोर ओटा होता. ओट्यावरून तो सायकलवर बसायचा, बायको मागून कॅरिअर धरायची, पट्टा आवळला की एक ढकल द्यायची. तिथून निघाला की फॅक्टरीच्या फाटकाजवळच्या मोरीच्या कठड्यापर्यंत थांबणं नाही. कठड्याला हात लावून उभं राहायचं, वाकून पट्टा सोडायचा, मग उतरायचं. मध्ये कुठे टेकायला त्याच्याकडे पायच नव्हता. एक मेलेला आणि एक बांधलेला.

हे मला कसं ठाऊक, ते सांगितलंच पाहिजे, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. मी भाड्यानं राहायचो ती खोली त्याच्याच गल्लीत, त्याच्या ओट्यासमोर होती. सकाळी दाढी करायला मी खिडकीत आरसा टेकवायचो. आरशाच्या कडेवरून मला तो ओटा दिसायचा. तो पट्टा, ती ढकल, सगळं. ड्युटी लागण्याच्या कितीतरी आधीपासून मी ते रोज बघत होतो.

चौकात माझा हात वर असला की तो काय करायचा, तर रेघ ओलांडून सरळ माझ्या पिंपाशी यायचा आणि हळूहळू माझ्याभोवती फेऱ्या मारायचा. चौक मोठा होता, गाड्या लांबून जायच्या, त्याची कुणाला अडचण नसायची. एक फेरी, दोन फेऱ्या, कधी पाच. माझा हात खाली आला की सुटायचा. आधीपासून त्याची ही रीतच होती. चौकात गर्दी असली की तो मधल्या जागेत घुटमळत राहायचा आणि लोक वाट द्यायचे. मी मध्ये पिंप टाकून उभा राहिलो, एवढाच फरक.

पण हॉटेलवाल्यांना आयतं मिळालं. "शिपाईदादाले देव करी टाकं रे यानी," कुणीतरी एकदा म्हणालं, "रोज प्रदक्षिणा घाली ऱ्हायना." दुसऱ्या दिवशी कुणी नारळाची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी कुणी लांबून हात जोडले. भोंगावालाही फेरी मारता मारता ओशाळं हसायचा, जणू त्याच्यामुळे मला त्रास होतोय याची माफी मागत असावा. ते हसू मला दिसत होतं आणि तरी मी ठरवून टाकलं की हा माझी चेष्टा करतोय.

त्या सकाळी थंडी होती. कापसाच्या गाड्या फॅक्टरीच्या बाजूला वळत होत्या. फौजदारसाहेब हॉटेलात चहा घेत बसले होते, आणि तेवढ्यात भोंगावाला आला. मी हात वर धरून होतो. त्यानं पहिली फेरी घातली. बाकावरून कुणीतरी देवळातल्यासारखी जिभेनं घंटा वाजवली. फौजदारसाहेब हसले. मोठ्यानं नाही, बशीतल्या चहात बघून नुसते गालात हसले. मी पिंपावरून खाली उडी मारली.

दुसऱ्या फेरीला मी त्याचं हॅन्डल धरलं.

"धरू नको दादा," तो म्हणाला, "मन्हा पाय बांधेल शे. पडी जासू मी."

"पाय टेक," मी म्हणालो.

"टेकता येत नही, दादा."

"सगळ्यांना येतो, तुलाच येत नाही?"

मला सगळं ठाऊक होतं. हे मी आता सांगतोय तितक्याच स्पष्टपणे मला त्या क्षणी ठाऊक होतं. त्याचा पट्टा माझ्या गुडघ्याजवळ होता, मला दिसत होता. मी हॅन्डल सोडलं नाही. सायकलीचा तोल गेला आणि तो डाव्या अंगावर पडला. उजवा पाय पायडलला तसाच बांधलेला, घोटा पिळवटलेला, सायकल वर. पायजमा गुडघ्याच्या वर सरकला आणि तो पाय सगळ्या चौकानं बघितला. खिशातलं घड्याळ बाहेर पडून त्याची काच फुटली.

कुणी हसलं नाही. गाडीवानांनी बैल धरले. तेव्हा तरी मी वाकून त्याला उचलायला हवं होतं. मी काय केलं असेल, तर म्हणालो, "सायकलीचा बिल्ला कुठाय?" नगरपालिकेचा पितळी बिल्ला प्रत्येक सायकलीला लागायचा. त्याच्या सायकलीला तो होता, समोरच होता. मला काहीतरी विचारायचं होतं, एवढंच.

हॉटेलवाला फडकं खांद्यावर टाकून धावत आला. "पहिले त्याले उठाड रे भो," तो मला म्हणाला, "बिल्ला मंग देखजो." त्यानंच पट्टा सोडला आणि दोघातिघांनी भोंगावाल्याला उचलून बाकावर नेलं. जाताना त्यानं पहिल्यांदा पायजमा खाली ओढला, मग घड्याळ मागितलं.

त्या दिवशी सातचा भोंगा सव्वासातच्याही पुढे झाला. तोवर सगळं गाव कान लावून उभं होतं. शाळेचा शिपाई घंटेपाशी हातोडी घेऊन तिष्ठत राहिला, फॅक्टरीच्या फाटकाबाहेर बाया-माणसांची गर्दी जमली. नेमके त्या दिवशी फॅक्टरीचे मालक गावात आलेले होते. एरवी ते वर्षातून एकदोनदाच यायचे.

दुपारी फॅक्टरीचे मॅनेजर चौकात आले. सभ्य माणूस, टोपी काढून बोलायचे. म्हणाले, "जमादार, एक विचारायचं होतं. आमचा भोंग्यावरचा माणूस म्हणतो, तो वेळेवर निघाला होता, तुम्ही त्याला चौकात अडवला. मालक रागावलेत. तुम्ही म्हणाल तसं मी त्यांना सांगतो. तुम्ही अडवला असेल तर त्याचा काही दोष नाही."

मला जमादार म्हणायला ते काही माझे नोकर नव्हते. मी साधा शिपाई होतो. गृहस्थानं माझ्यापुढे दार उघडून धरलं होतं आणि मला फक्त हो म्हणायचं होतं. फौजदारसाहेबांच्या कानावर जाईल, माझी रेघ पुसली जाईल, हॉटेलवाले हसतील, एवढाच धोका होता. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "कायदा सगळ्यांना सारखाच असतो, साहेब. त्याच्या पायाचं मला काही ठाऊक नव्हतं. आणि तो चौकात आला तेव्हाच उशीर झालेला होता."

मॅनेजरांनी टोपी घातली आणि ते गेले.

चार दिवसांनी भोंग्याच्या साखळीवर दुसरा माणूस आला. भोंगावाल्याला त्यांनी अगदी काढलं नाही, पण आवारात बायकांच्या ओळीत कपाशीतला पाला-कचरा वेचायला बसवलं. उन्हात, जमिनीवर. घड्याळ परत घेतलं. लोक त्याला भोंगावालाच म्हणत राहिले आणि त्यामुळे ते जास्तच वाईट झालं.

मी दाढी करताना खिडकी लावून घ्यायला लागलो. एकदा नळावर त्याची बायको समोर आली. भरलेली कळशी कमरेवर घेऊन ती थांबली. मला वाटलं शिव्या देईल. मी त्यासाठी तयारही होतो, शिव्या खाल्ल्या की हिशेब चुकता झाल्यासारखं वाटतं. ती म्हणाली, "तुन्ही खिडकी ते रोज उघडीच ऱ्हाये ना, भाऊ." आणि पाणी न सांडता निघून गेली. तिला ठाऊक होतं की मला ठाऊक होतं. म्हणजे त्यालाही ठाऊक असणार. चौकात मी हॅन्डल धरलं तेव्हा त्यानं नुसतं "पाय बांधेल शे" म्हटलं, "तू रोज बघतोस" असं म्हटलं नाही. चारचौघांत मला खोटं पाडण्याचं त्यानं टाळलं, आणि ते मला त्या पडण्यापेक्षाही जास्त लागलं.

घोटा बरा झाल्यावर तो पुन्हा चौकातून यायला लागला. आता फेऱ्या नाहीत. हॉटेलच्या ओट्याला हात लावून उभा राहायचा, पट्टा सोडायचा, उतरायचा, आणि सायकलीवर भार टाकून, डावा पाय ओढत, चौक पार करायचा. पलीकडे पुन्हा चढायला ओटा नव्हता, म्हणून तिथून फाटकापर्यंत तसाच पायी जायचा. माझा हात वर असो की खाली, तो उतरायचाच. रस्ता रिकामा असला तरी उतरायचा. बाकावर आता कुणी काही बोलत नसे. कायदा पाळणारा माणूस कसा दिसतो ते मी रोज सकाळी पिंपावर उभा राहून बघायचो.

एके दिवशी मी बादलीभर पाणी आणि केरसुणी घेऊन लवकर गेलो आणि चारही रेघा घासून काढल्या. फौजदारसाहेबांना सांगितलं, बैलांच्या खुरांनी पुसल्या गेल्या. मग पिंपावर चढून वाट बघत राहिलो. तो लांबून दिसला तसे मी दोन्ही हात पसरले आणि सगळा चौक थांबवला. कापसाच्या गाड्या, दोन टांगे, प्रकाशाकडून आलेली एस.टी. सुद्धा. सगळे थांबले. आणि त्याला मी मानेनं खूण केली की ये, न उतरता ये, सरळ जा.

तो हॉटेलच्या ओट्यापाशी थांबला. वाकून पट्टा सोडला. उजवा पाय जमिनीवर ठेवला. मग डाव्या पायाचा पायजमा हातानं धरला, तो पाय उचलला आणि उजव्याच्या बाजूला नीट टेकवला. एस.टी.च्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी लक्ष दिलं नाही. सायकल धरून तो चालत माझ्या पिंपापाशी आला. मी खाली उतरलो.

"मन्हासाठे रस्ता मोकळा करू नको, दादा," तो हळू आवाजात म्हणाला. त्यात राग नव्हता. "तू मॅनेजरले जाईसन सांग. मी येळवर निंघेल व्हतू, इतलंच सांग. बाकी काही बोलू नको. तुन्हा कायदा ऱ्हाऊ दे."

"सांगसू," मी म्हणालो. एरवी ड्युटीवर मी शाळेतली मराठी बोलायचो. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली.

त्याला ते खरं वाटलं. त्यानं मान हलवली आणि पाय ओढत फाटकाकडे गेला. मी हात खाली घेतले. गाड्या हलल्या.

त्या दिवशी दुपारी जाईन म्हटलं, दुपारी मॅनेजर जेवायला गेले असतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिसऱ्या दिवशी साहेबांची पाहणी होती. रोज सकाळी तो जाताना माझ्याकडे एकदा बघायचा, विचारायचा नाही. आठ-दहा दिवसांनी बघणंही बंद झालं. मग मी अर्ज करून बदली मागितली. धडगावला मागितली. तिकडे घाटात बदली म्हणजे शिक्षा, तिथे कुणी आपण होऊन जात नसे, म्हणून लगेच मिळाली. तिकडच्या चढणीवर तेव्हा सायकल औषधालाही नव्हती. लोक विचारायचे, एवढ्या लांब का आलास, तर मी सांगायचो, हवा चांगली आहे.

पुढे नोकरीत मी पुष्कळ चौक सांभाळले. कुठल्याही सायकलवाल्याला मी पुन्हा पाय टेकायला लावला नाही. लोक म्हणायचे, हवालदार मोठा दिलदार आहे. मी ते म्हणू द्यायचो.

त्या गावच्या चौकापासून फॅक्टरीचं फाटक अडीचशे पावलांवर होतं. तो माणूस ते अंतर रोज एका पायानं तोडायचा. माझे दोन्ही पाय धड होते, आणि मी एकदाही गेलो नाही.